फलकावरच्या मुलीबाबत दिलेला माझा पहिला अर्ज मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. युवक कल्याण अधिकारी,
युवक कल्याण कार्यालय,
तिसरा मजला, चौकशी खिडकीच्या मागे.

विषय : ‘फलकावरील मुलगी गुन्ह्याची बळी नाही’ असा मी दिलेला अर्ज मागे घेणे, सोमवारची चौकशी रद्द करणे आणि सर्व फलक उतरवणे याबाबत.

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज. २) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर. ३) माझ्या पार्लरच्या दारावर चिकटवलेली चौकशीची सूचना (खरवडून पाहिली, रंग निघाला, सूचना निघाली नाही).

महोदय,

१. या प्रकरणात कोणाला काय मिळणार होते, ते आधी मांडते, म्हणजे पुढचे वाचायला सोपे जाईल. ही सवय मला धंद्याने लावली आहे. खुर्चीत बसलेली बाई केस कापायला आली आहे की जावेला काही दाखवून द्यायला, हे कात्री उचलण्याआधी ओळखावे लागते. आपले प्रकल्प समन्वयक यांना मिळणार होते ते असे : हंगामी नेमणूक कायम होणे, जिन्याखालच्या टेबलावरून खिडकीजवळच्या टेबलावर बदली, वार्षिक मेळाव्यात व्यासपीठावर, मागच्या रांगेत का होईना, एक खुर्ची, आणि ‘आमचे जावई नक्की काय करतात ते आम्हालाही नीट कळलेलं नाही’ असे सासऱ्यांनी चारचौघांत म्हणणे एकदाचे बंद होणे. शेवटची बाब त्यांनी माझ्याच स्टुलावर बसून, माझाच चहा पिताना सांगितली. आपणांस काय मिळणार होते ते आपण जाणता. माझ्या कानावर इतकेच आहे की मुख्यालयात एक जागा रिकामी होते आहे. मुलांना जे मिळणार होते ते त्यांना आधीपासून मिळतच होते : एक खोली, तिचे मागचे दार, आणि इथे कोणी काही विचारणार नाही ही खात्री. त्यात घालण्यासारखे आपल्याकडे काही नव्हते. काढून घेण्यासारखे मात्र पुष्कळ निघाले.

२. मी पार्लर चालवते. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, तीन आरसे, आणि एक केस वाळवायचे यंत्र, जे मोठ्याने घोंघावते आणि केस ओलेच ठेवते. मागची खोली टॉवेलांची. फलकावर जी मुलगी आहे ती माझ्या भावाची मुलगी. वय सोळा, कपाळावरची एक बट निळी. ती बट मीच रंगवली आणि त्याबद्दल भावाची बोलणीही खाल्ली. तिच्यावर कधीही, कसलाही गुन्हा घडलेला नाही. तिच्या आयुष्यात घडलेला सगळ्यात मोठा अन्याय म्हणजे गणिताचे मास्तर, आणि त्यांच्याबाबत माझी आपल्याकडे तक्रार नाही.

३. दोन वर्षांपूर्वी तिच्या वर्गातल्या एका मुलाला बाजारामागच्या बोळात तिघांनी मारून लुटले. (तो आता दुसऱ्या शहरात आहे. ‘माझं खुशाल लिहा, आत्या’ असे त्याने कळवले म्हणून लिहिते. बाकी कोणाचेही या अर्जात सापडणार नाही.) मुलगा शाळेत यायचा बंद झाला. मोठ्यांनी आपापल्या परीने मदत केली, म्हणजे जो तो त्याच्या घरी जाऊन ‘काय झालं, कसं झालं, पहिला फटका कोणी मारला’ हे विचारून आला. त्या मुलाने ते सगळे इतक्या वेळा सांगितले की शेवटी तो ते सांगताना मध्येच जांभई देऊ लागला, आणि मग एके दिवशी बोलायचाच थांबला. माझी भाची मैत्रिणीला घेऊन त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, “उद्या शाळेत येतोस? आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी चालू. वाटेत गप्पा मारायच्या नाहीत, मला भूगोल पाठ करायचाय.” तो आला.

४. तिथून हे सुरू झाले. मुलांनी त्याला नाव दिले नव्हते. आपल्या समन्वयकांनी दिले, तेही इतके लांब की फलकावर दोन ओळी लागल्या. मुले त्याला नुसते ‘टॉवेल’ म्हणतात. कारण पार्लर बंद असते त्या दुपारच्या वेळेत ती मागच्या दाराने येतात आणि माझ्या टॉवेलांच्या घड्या करतात. कामाचा नियम एकच आहे आणि तो मुलांनीच घातला आहे : कालचं विचारायचं नाही, उद्याचं विचारायचं. नवीन कोणी आले की त्याच्यापुढे टॉवेलांचा ढीग सरकवायचा. हाताला काम असले की तोंडाला सक्ती राहत नाही. मग कधीतरी, त्याच दिवशी किंवा महिन्याने, ते मूल म्हणते, “मला उद्या अमुक ठिकाणी जायचंय.” ते ठिकाण पोलीस ठाणे असेल, शाळा असेल, दवाखाना असेल, किंवा नुसता तो एक रस्ता असेल. दोघे जण सोबत जातात. बाहेर बाकावर बसतात. परत आणून सोडतात. झाले. खोलीत कोण सोबत करायला आले आहे आणि कोणाला सोबत हवी आहे, हे बाहेरच्याला ओळखता येत नाही, आणि तीच त्या खोलीची सगळी अक्कल आहे. मला स्वतःला आजही माहीत नाही. मी बायकांच्या डोक्याला हात लावून तीन गल्ल्यांच्या भानगडी सांगू शकते. पण माझ्या मागच्या खोलीतल्या मुलांबद्दल मला काही ठाऊक नाही, आणि याचा मला माझ्या सगळ्या माहितीपेक्षा जास्त अभिमान आहे.

५. अशा खोलीत आपले समन्वयक आले. कॅमेरा, हजेरीचा कागद आणि चेहऱ्यावर मुद्दाम आणलेला हळवेपणा. आल्या आल्या त्यांनी मुलांकडे पाहून विचारले, “यातले पीडित कोण आणि कार्यकर्ते कोण?” कोणी वर पाहिले नाही. त्यांनी पुन्हा विचारले, या वेळी लहान मुलांशी बोलतात तशा आवाजात. एक जण म्हणाला, “काका, तुम्ही टॉवेल घडी करता का? कोपरे जुळवायचे असतात.” समन्वयकांनी एक घडी केली. वाईट केली. मग त्यांनी हजेरीच्या कागदावर गटप्रमुखाची सही मागितली आणि भाचीने केली. आता योगायोग असा की त्या दिवशी बंद वेळेतही पुढच्या खोलीत मी अडलेल्या एका बाईंचे केस सरळ करत होते. त्या औषधात अमोनिया असतो. सवय नसलेल्याच्या डोळ्यांना तो झोंबतो, आणि भाची नुकतीच मला बाटली धरून देऊन आत गेली होती. डोळे लाल, गालावर पाणी, नाक पुसते आहे. समन्वयकांना जे हवे होते ते मिळाले. त्यांनी कॅमेरा उचलला. मुले म्हणाली, “टॉवेलांचा काढा, आमचा नको.” “हो हो, टॉवेलांचाच,” असे म्हणत त्यांनी जे काढायचे ते काढले.

महोदय, रडणाऱ्या मुलीला शोधायला निघालेल्या माणसाला अमोनिया आणि दुःख यांतला फरक कळत नाही, याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. ज्याला दुःखाचा फोटोच हवा असतो त्याला दुःख कशाला ओळखता यावे?

६. यानंतर गौरव समारंभ झाला. आम्हाला कळवले होते की गटाला प्रमाणपत्र मिळणार आहे. मुले धुतलेले कपडे घालून दुसऱ्या रांगेत बसली. मी आणि माझा भाऊ मागे. आपण स्वतः व्यासपीठावर होता. आपल्या डाव्या हाताला पाण्याची बाटली होती आणि आपण भाषणभर तिचे झाकण फिरवत होता. निवेदिकेने भाचीचे नाव पुकारले. ती वर गेली. मग कोणीतरी पडदा ओढला आणि मागे, दोन माणसांच्या उंचीएवढी, तीच. डोळ्यांवर आडवी काळी पट्टी. खाली अक्षरे : ‘अत्याचाराची बळी ते आत्मविश्वासाची ज्योत’. निवेदिका म्हणाली, “जोरदार टाळ्या होऊ द्यात आपल्या या धाडसी पीडितेसाठी!” आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी डोळे पुसले. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, ते मला ऐकू आले : “दिसायला चांगली आहे हो बिचारी.”

माझा भाऊ उठून उभा राहिला. तो बस चालवतो. मोठ्याने ओरडायची त्याला सवय आहे आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना त्याच्या ओरडण्याची. पण त्या दिवशी तो टाळ्या संपेपर्यंत तसाच उभा होता.

भाचीच्या हातात ध्वनिक्षेपक दिला गेला. ‘मी नाही’ हे दोन शब्द म्हणायचे होते. ती म्हणाली नाही. तिने दुसऱ्या रांगेकडे पाहिले. मला तेव्हा राग आला होता; घरी आल्यावर तिने सांगितले ते असे : “आत्या, मी ‘मी नाही’ म्हटलं असतं की सगळं सभागृह मान वळवून दुसऱ्या रांगेकडे बघणार. आम्ही आहोत तरी किती? लोक बोटांवर मोजायला लागले असते.” म्हणून ती व्यासपीठावरून एवढेच म्हणाली, “धन्यवाद. टॉवेल वाळले असतील, आम्हाला जायचंय.” लोकांना वाटले धक्क्यातून अजून सावरली नाही. टाळ्या दुप्पट झाल्या.

७. काळ्या पट्टीबद्दल थोडे. आपल्या उत्तरात लिहिले आहे की ‘संबंधित मुलीची ओळख गुप्त राखण्याची संपूर्ण दक्षता घेण्यात आली आहे’. पट्टी डोळ्यांवर आहे. पट्टीच्या वर निळी बट आहे, जी या भागात एकाच कपाळावर आहे. पट्टीच्या खाली शाळेचा बिल्ला आहे. मागे, उघड्या दारातून दिसणाऱ्या पुढच्या खोलीतल्या आरशात उलटी दिसत असली तरी वाचता येईल अशी, माझ्या पार्लरची पाटी आहे, दूरध्वनी क्रमांकासकट. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही म्हणतात. इथे तर कोंबड्याचा फक्त तुरा झाकला. बरे, डोळ्यांवर पट्टी लावलेले फोटो लोकांनी आजवर कोणाचे पाहिले आहेत? चोरांचे. त्यामुळे कोपऱ्यावरच्या किराणेवाल्याने पहिल्या दिवशी विचारले, “पोरीनं काय उचललं?” आणि दुसऱ्या दिवशी खालची अक्षरे वाचून सामान उधार दिले, न मागता. दोन्हींतले अधिक वाईट कोणते ते मला अजून ठरवता आलेले नाही.

८. फलक कुठे कुठे लावले ते आपल्या नोंदीत असेलच. शाळेसमोर. ठाण्यासमोर. बाजाराच्या तोंडाशी. आणि बसगाड्यांच्या पाठीवर. माझ्या भावाच्या गाडीच्या पाठीवरही. त्याने आगारात सांगितले, “ही माझी मुलगी आहे, हिच्याबाबत असलं काही झालेलं नाही, एवढं काढा.” आगारप्रमुख म्हणाले, “अहो, अभिमानाची गोष्ट आहे. आणि जाहिरात विभाग वेगळा.” आता तो रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्याच मुलीला सगळ्या गावाला दाखवत हिंडतो. थांब्यावर माणसे मागून धावत येतात ती चढायला की बघायला, हे त्याला आरशातून कळत नाही. घरी आला की जेवायला बसतो आणि तिच्याकडे पाहत नाही. “बाबा, माझ्याकडे बघा ना, मीच आहे,” असे ती परवा म्हणाली. तो म्हणाला, “बघतोय ना दिवसभर.” आणि ताटावरून उठला.

९. आता लोकांचे. भांडी घासणारी बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवते. शाळेत तिला पहिल्या बाकावर आणून बसवले आहे, आणि गणिताचे मास्तर, जे आजवर तिला पट्टीने बोटांवर मारत, ते आता चुकलेल्या गणितालाही ‘शाबास’ म्हणतात. मी वर म्हटले होते की मास्तरांबाबत माझी तक्रार नाही. ती आता आहे. पार्लरमध्ये एकीने मान मागे टाकून, डोळे मिटून, आवाज खाली आणून मला विचारले, “कोण होता गं तो? ओळखीतला?” मी म्हटले, असे काही झालेलेच नाही. ती डोळे न उघडता म्हणाली, “असंच म्हणावं. घरातलं घरात राहिलेलं बरं.” मी तिच्या भुवया कोरत होते. एक भुवई जरा बारीक झाली. दुसरीने, शिकलेलीने, भाचीला एक वही भेट दिली आणि सांगितले की त्यात ‘तुझा सगळा प्रवास’ लिही. तिसरी म्हणाली, “माझ्या भाच्यासाठी मी हिचं बघणार होते, पण आता…” आणि उरलेले वाक्य तिने दयेने गिळले. अशा दयेची मला शिसारी येते, महोदय. केसांचा भिजलेला गुंता मोरीच्या जाळीतून बोटांनी ओढून काढायचे काम मी रोज करते, आणि सांगते की त्याची इतकी किळस येत नाही.

आणि खोली? मागच्या दाराने जो आत शिरेल तो ‘त्यांच्यातला’, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक झाले. समोरच्या ओट्यावर टवाळ बसतात आणि दाराकडे बघून मोजतात. पहिल्या आठवड्यात निम्मी मुले आली. दुसऱ्या आठवड्यात टॉवेलांच्या घड्या मीच केल्या.

१०. तेव्हा मी आपल्याकडे पहिला अर्ज केला. भाचीने ‘करू नकोस’ म्हटले होते. मी ऐकले नाही. मला वाटले, सरळ चूक आहे, सरळ सांगावे, सरळ दुरुस्त होईल. मी लिहिले की फलकावरील मुलगी गुन्ह्याची बळी नाही, तरी फलक उतरवावेत. आपल्या कार्यालयाने त्वरेने उत्तर दिले, हे मान्य केले पाहिजे. उत्तराचा महत्त्वाचा भाग मी जसाच्या तसा उतरवते, कारण माझ्या शब्दांत सांगितले तर मी बनवून सांगते आहे असे वाटेल : ‘सदर फलकावरील मुलगी लाभार्थी नसल्याचे आपण निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभार. तरी मूळ लाभार्थी मुलीची ओळख पटवून, तिचे छायाचित्र घेऊन, सर्व फलकांवर योग्य ती दुरुस्ती करण्यात येईल. त्याकरिता सोमवारी चौकशी समिती आपल्या जागेत येऊन गटातील प्रत्येक मुलामुलीचा स्वतंत्र जबाब नोंदवील.’

म्हणजे चुकीची मुलगी टांगली म्हणून आपण तिला उतरवणार, आणि बरोबर मुलगी शोधून तिला टांगणार. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे मी ऐकले होते. पण डोके दुसऱ्याचेच निघाले म्हणून दिलगिरी व्यक्त करणारे आणि योग्य टाळूचा पत्ता विचारणारे प्रथमच पाहिले.

११. उत्तर घेऊन मी आपल्या कार्यालयात आले. आपण बैठकीत होता. चौकशी खिडकीवरच्या लिपिकांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले. ते पेन्सिलीला टोक करत होते आणि टोक फार चांगले करत होते. ते म्हणाले, “बाई, मार्ग दोनच. एक तर ही मुलगी ती नाही. मग ती कोण, ते सांगा. नाहीतर ही तीच आहे; मग हिनंच लिहून द्यायचं की माझी संमती मागे घेते. संमती मागे घेतली की फलक त्याच दिवशी खाली. चौकशीचंही मग कारण उरत नाही.”

मी म्हटले, “संमती दिलीच कुठे होती तिने?”

त्यांनी हजेरीचा कागद दाखवला. गटप्रमुखाची सही जिथे होती तिथे वर कोणीतरी नंतर शिक्का मारला आहे : ‘लाभार्थीची सही’.

“आणि ही ती नाही, पण दुसरी कोण ते आम्ही सांगणार नाही, असं असेल तर?”

त्यांनी पेन्सिलीवर फुंकर मारली. “तसा रकाना नाही, बाई.” मग इकडेतिकडे पाहून जरा खालच्या आवाजात, “मलाही मुलगी आहे. पण रकाना नाही, तर नाही.”

१२. मी पार्लरवर परत येऊन भाचीला हे सांगितले. सूचना दारावर लागली होती. त्या दिवशी मागच्या दाराने कोणीही आले नव्हते. ती दुकानात केर काढत होती. ऐकून म्हणाली, “म्हणजे तुझ्या अर्जामुळे ते आता खऱ्या मुलीला शोधायला येणार. एकेकटीला बसवून विचारणार. काल काय झालं, कसं झालं.” मी म्हटले, “कोणी काही सांगणार नाही गं.” ती म्हणाली, “आत्या, जी सांगणार नाही तिचं तोंडच सांगेल. तू कशी ओळखतेस बायकांना?”

मग तिने झाडू भिंतीला टेकवला, हात धुतले आणि लिपिकांनी दिलेला संमती मागे घेण्याचा छापील कागद मागितला. मी विचारले, तुला कळते आहे का, की यावर सही केलीस म्हणजे कायमची तूच ती. आज ना उद्या फलक फाटतील, पण कागद राहील. उद्या नोकरीला जाशील, कुठे जाशील, कोणीतरी काढून दाखवील. ती म्हणाली, “मग दाखवू दे. माझ्याबाबत काही झालेलंच नाही, मला दुखणार कुठे?” आणि पेनाचे टोपण काढत, “जिला दुखेल तिचं नाव नको.”

मी तिला म्हटले, थांब, आधी ती कोण हे मुलींना विचारू, मग तिची काय इच्छा आहे ते बघू. त्यावर ती माझ्यावर जशी उसळली तशी आजवर उसळली नव्हती. “विचारायचं नाही! तूपण तेच करणार का आता?”

१३. तरी वरील सर्व बाबींचा विचार होऊन पुढील विनंती आहे.

(अ) माझा पहिला अर्ज मी बिनशर्त मागे घेत आहे. त्यात मी जे लिहिले होते ते खोटे होते असे मी लिहून देणार नाही; तसा आपला आग्रह असल्यास मला तिसऱ्या मजल्यावर बोलवावे, मी जिना चढून येऊन तोंडावर नाही म्हणेन. मी फक्त अर्ज मागे घेते. अर्ज नाही, म्हणजे शंका नाही. शंका नाही, म्हणजे चौकशी नाही. ही रीत आपलीच आहे, मी फक्त चालून दाखवते आहे.

(आ) सोमवारची समिती रद्द करावी. ती तरीही आली तर पार्लर बंद असेल, मागची खोली रिकामी असेल, आणि समितीतल्या कोणास केस कापून हवे असतील तर मंगळवारी यावे.

(इ) भाचीने संमती मागे घेत असल्याचा कागद सोबत जोडला आहे. ‘लाभार्थीचे नाव’ या जागी तिने स्वतःचे नाव स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे. ‘लाभार्थीस काय लाभ झाला’ ही जागा तिने मोकळी ठेवली आहे. कृपया आपल्या माणसांनी ती भरू नये. सर्व फलक, माझ्या भावाच्या गाडीवरील धरून, सोमवार उजाडण्याआधी उतरवावेत. उतरवल्यावर ते गुंडाळून कोठारात न ठेवता फाडावेत. आपल्या कोठारातल्या वस्तू पुढच्या वर्षी नव्या समारंभात पुन्हा बाहेर येतात, हे मला आपल्याच शिपायाच्या बायकोकडून कळते.

(ई) गटाचा आपल्या प्रकल्पाशी असलेला संबंध आजपासून संपला असे समजावे. मुले आता माझ्याकडे येणार नाहीत. कुठे जमणार ते त्यांनी ठरवले आहे आणि मला सांगितलेले नाही. मीही विचारलेले नाही. एक दिवस टॉवेलांचा गठ्ठा मागच्या दाराशी ठेवला होता. संध्याकाळी तो घड्या होऊन परत आला, कोपऱ्याला कोपरा जुळवून. एवढ्यावर मला जे समजायचे ते समजले.

१४. आता या सगळ्याची कोणी काय किंमत मोजली ते लिहून थांबते. समन्वयकांनी काही मोजले नाही. ते खिडकीच्या टेबलावर बसतात आणि मी आले त्या दिवशी त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवून घेतले, म्हणजे त्या खिडकीचा उपयोगही झाला. आपणही काही मोजले नाही. आपल्याला फक्त हा अर्ज वाचावा लागला, आणि तोही आपण कोणाला तरी ‘थोडक्यात सांगा’ म्हणाला असाल. ज्यांनी गुन्हे केले त्यांना तर कोणी काही विचारलेच नाही. फलकावर त्यांच्यासाठी अर्धी ओळही नव्हती. माझ्या भावाने मोजले : त्याला आपल्या मुलीच्या तोंडाकडे बघण्याची सवय पुन्हा लावून घ्यावी लागणार आहे, आणि ती या वयात लागते की नाही ते सांगता येत नाही. मी मोजले : मागच्या खोलीत आता नुसते टॉवेल आहेत. आणि राहिलेले सगळे एका सोळा वर्षांच्या मुलीने भरले. तिने दुसऱ्या कोणाचे तरी दुखणे आपल्या सहीने आपल्या नावावर करून घेतले. ते कोणाचे, हे तिने आम्हाला सांगितले नाही. ते काय होते, हे तिला स्वतःलाही माहीत नाही, कारण तिने ते कधी विचारलेच नाही.

आपल्या उत्तराची वाट न पाहणारी,

(सही)
पार्लरची मालकीण आणि मुलीची आत्या

दिनांक : शनिवार, कार्यालय सुटण्यापूर्वी